पेडण्यात घर: 'सस्टेनेबल' म्हणून दिलेला नकाशा कितपत मानायचा?

तेरेखोलकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, समुद्रापासून साधारण ३ किमीवर डोंगरउतारावर प्लॉट आहे. उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे, खाली शेतं आणि त्यापलीकडे माडांची रांग. १२० चौ. मी.चं एकमजली घर बांधायचंय. राहणार पाच जण: वडील ७८, आई ७२ (गुडघे कामातून गेलेत), आम्ही दोघं आणि सातवीतली मुलगी. चवथीला (गणेशचतुर्थीला) मात्र पंचवीस-तीस माणसं.

हातात आलेला नकाशा असा: दिवाणखान्याला पश्चिमेकडे ३ मी. × २.४ मी.ची न उघडणारी काच, 'व्ह्यू'साठी. सपाट स्लॅब, वर ऊन परतवणारा पांढरा रंग. ९ इंची चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंती, बाहेरून गिलावा नाही. आईला चढायला सोपं म्हणून जोतं फक्त ३०० मिमी. तीन एसी, आणि त्यांची भरपाई म्हणून ५ किलोवॅट सोलर. याला 'सस्टेनेबल डिझाइन' म्हटलंय. पैसे मोजके आहेत. काय ठेवू, काय काढू?

वळचण

नकाशा जरा बाजूला ठेवा. एका कागदावर पाच माणसं आणि चोवीस तास मांडा. आजोबा दुपारी दोन ते पाच कुठे पडतात? मुलगी अभ्यासाला कधी आणि कुठे बसते? आजी रात्री उठली तर न्हाणीघर किती पावलांवर? एसी लागेल की नाही, हे भिंतीच्या मालापेक्षा या कागदावर जास्त ठरतं.

गोव्यात पारा ३३-३४च्या पुढे फारसा जात नाही. त्रास होतो तो घाम न सुकण्याचा, आणि त्यावर औषध एकच, अंगावरून वारा. सेकंदाला एक मीटर इतका हलका वारासुद्धा अंगाला दोन-तीन अंशांचा आराम देतो. म्हणून घाटावरचं 'जाड भिंत, बारकी खिडकी' हे शहाणपण इथे उलटतं. तिकडे रात्र गार होते आणि भिंतही निवते. इथे पावसाळ्यात दिवस-रात्रीत चार-पाच अंशांचाच फरक असतो, मे महिन्यातही फार नाही. पश्चिमेची चिऱ्याची भिंत दुपारभर तापते आणि ती ऊब रात्री नऊ-दहाला आत सोडते, म्हणजे नेमकी झोपायच्या वेळी. त्या बाजूला झोपायची खोली असेल तर आधी ती हलवा. तिथे न्हाणीघर, कोठार, जिना असलं काहीतरी जाऊ द्या.

आता ती काच. एप्रिलात दुपारी चार-साडेचारला पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. तुमची काच ७.२ चौ. मी.; साध्या काचेतून त्यातलं ८० टक्के आत येतं. म्हणजे सुमारे ३.४ किलोवॅट. एक टनाचा एसी ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एक अख्खा एसी त्या काचेपुरता, मग त्या एसीसाठी सोलर, आणि या सगळ्याला नाव 'हरित'. छज्जा टाकूनही भागत नाही, कारण एप्रिलात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंशांवर असतो. ६०० मिमीचा छज्जा त्याच्या खालची फक्त २८० मिमी काच झाकतो.

गोची अशी की पश्चिमेला भिंत घालून बंद करणंही परवडत नाही. ऊन, पावसाची झड आणि दुपारचा समुद्रवारा तिन्ही तिथूनच येतात. पहिले दोन अडवायचे आणि तिसरा आत घ्यायचा, याची सोय जुन्या घरांनी करून ठेवली आहे: खोल पडवी. २.१ मी. रुंद, वळचण पडवीच्या लादीपासून २.१ ते २.२ मीटरवर, मुद्दाम बुटकी. पाच वाजता तरीही भिंतीच्या खालच्या सव्वा मीटरवर ऊन येतंच. त्यासाठी कठड्यापर्यंत लाकडी झिलमिली (तिरक्या पट्ट्यांचा आडोसा) किंवा वेल. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर १.१-१.२ मीटरवर असते, त्यामुळे वळचणीखालून शेतं आणि माड पूर्ण दिसतात. झाकलं जातं ते वरचं आभाळ, आणि डोळ्यांत जाणारं दुपारचं ऊन तिथूनच येतं.

खिडक्या सरकत्या नकोत. त्या बहुधा अर्ध्याहून जास्त उघडत नाहीत. दोन पाखांच्या, पूर्ण उघडणाऱ्या घ्या. राष्ट्रीय इमारत संहितेत दमट-उष्ण हवेसाठी उघडणारं क्षेत्र जमिनीच्या एक-षष्ठांश सांगितलंय, १२ चौ. मी.च्या खोलीला २ चौ. मी. खिडकीची खालची कड ४५० ते ६०० मिमीवर ठेवा, म्हणजे वारा खाटेच्या पातळीवरून जाईल. नेहमीच्या ९०० मिमीला तो झोपलेल्या माणसाच्या वरून निघून जातो. समोरच्या भिंतीला वाट नसेल तर वारा आत येतच नाही, हे विसरून पुष्कळ खोल्या फुकट गेलेल्या दिसतात. दारावर झरोका ठेवा, दार लावलं तरी वाट मोकळी राहते. डासांची जाळी खिडकीला न लावता पडवीच्या बाहेरच्या कडेला लावा. जाळी वारा बराच मारते. क्षेत्र चौपट केलं की ते जाणवत नाही.

छपराबद्दल इतर जण लिहितीलच. एवढंच सांगतो, १५-१६ अक्षांशावर मे ते जुलै सूर्य माध्यान्हीला डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. दिवसातलं सगळ्यात जास्त ऊन छपरावर पडतं. आधी पैसे तिथे घाला, भिंती नंतर.

चिरेखाण

उघड्या चिऱ्याबद्दल. दिसतो छान, पण चिरा आणि चिरा यात फरक असतो. खाणीतून आलेला चिरा मऊ असतो, हवेवर कडक होतो. ताजा माल थेट भिंतीत घालू नका. निदान महिनाभर, जमलं तर एक पूर्ण मोसम उघड्यावर ठेवा. निवडताना लोखंडाने वाजवा, ठणठणीत आवाज यायला हवा. पांढऱ्या मातीच्या गाठी असलेला बाजूला काढा. ती माती दोन पावसांत धुऊन जाते आणि भिंतीला अंगठा जाईल एवढी भोकं पडतात.

घरच्या घरी करायची चाचणी: १४×९×७ इंचाचा सुका चिरा तोला, साधारण ३० किलो भरेल. २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. जांभ्याच्या भारतीय मानकात पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या १२ टक्के आहे, म्हणजे ३.६ किलो. पाच-सहा चिरे असे बघा, त्यातले दोन नापास झाले तर तो लोडच परत. ९ इंची भिंतीला चौ. मीटरला १४-१५ चिरे लागतात. तुटफुटीला आठ टक्के जास्त धरा.

दर्ज, म्हणजे चिऱ्यांमधला सांधा, १:१:६ (सिमेंट, चुना, रेती) भरा. गवंडी 'मजबूत करतो' म्हणून १:३ करतात. मसाला चिऱ्यापेक्षा कडक झाला की दर्ज शाबूत राहते आणि चिऱ्याची कड खाल्ली जाते. चिरे लावण्याआधी भिजवा, नाहीतर मसाल्यातलं पाणी ते ओढून घेतात आणि दर्ज बोटाने कोरता येते. लिंटेलच्या पातळीला घराला सलग सळईचा पट्टा हवाच, चिरा ताण घेत नाही.

पश्चिम आणि नैर्ऋत्येला वर लिहिलेली पडवी असेल तर चिरा उघडा ठेवा. जिथे झड थेट मारते तिथे नको. तिथे चुन्याचा गिलावा: किमान तीन आठवडे भिजवलेला चुना १, रेती ३, दहा-बारा मिमीचे दोन थर, आठवडाभर हलकं पाणी. काम एप्रिलअखेर संपलं पाहिजे. मे अखेरचा ओला थर जूनच्या पहिल्या सरीत दूध होऊन वाहतो. वर ॲक्रिलिक रंग नको. चिऱ्यातली ओल बाहेर पडायला वाट मागते, वाट नाही मिळाली की रंग फुग्यासारखा सुटतो. चुन्याची सफेदी, दोन-तीन हात.

३०० मिमी जोतं मात्र चालणार नाही. पागोळ्यांचे शिंतोडे अर्धा मीटरपर्यंत उडतात आणि उतारावर तर वरून वाहणारं पाणीही आहे. ६०० हवं, त्यावर ५० मिमीचा ओलरोधक काँक्रीट थर, आणि सगळीकडे ९०० मिमीची वळचण.

तेरेखोलकाठ

६०० मिमी म्हणजे चार पायऱ्या. आईचं काय? तेवढ्यासाठीच तर जोतं खाली आणलं होतं.

वळचण

१५० मिमीच्या चार पायऱ्या, पावलाला ३०० मिमी जागा आणि दोन्ही बाजूंना दांडा एवढं केलं तर गुडघ्याला बरंच सोपं जातं. पण व्हीलचेअरचा दिवस येऊ शकतो हे धरून चाला. १:१२ च्या उताराने ६०० मिमी चढायला ७.२ मीटरचा रॅम्प लागतो. तो पश्चिमेच्या अंगणात आडवातिडवा फिरवण्याची गरज नाही, तुमच्याकडे डोंगर आहे. पूर्वेचं, म्हणजे वरचं अंगण जोत्याच्या पातळीला करा आणि घरात तिथून शिरा. अंगण आणि भिंत यांच्यामध्ये ६०० मिमी रुंद उघडी चर ठेवा, तळ जोत्याच्या खालच्या कडेपेक्षा खाली, उतार दोन्ही टोकांकडे. त्यावर दारासमोर १.२ मी. रुंद फरशीचा पूल, दोन्ही बाजूंना कठडा. आजी सपाटीवरून चालत आत येईल आणि माती कुठेही भिंतीला टेकणार नाही. ही चर गाळली तर जुलै-ऑगस्टमध्ये जांभ्यातून झिरपणारं पाणी माजघराच्या लादीतून वर येतं, आणि मग आतून कितीही वॉटरप्रूफिंग करा, ते पाणी दुसरी फट शोधतं.

आणखी काही गोष्टी आत्ताच नकाशात घाला, नंतर भिंत फोडावी लागते. दारं ९०० मिमी मोकळी. न्हाणीघराला उंबरठा नको, पाण्यासाठी लादीला उतार आणि दारात जाळीचं गटार. कमोडच्या बाजूच्या भिंतीत दांड्यासाठी भक्कम आधार. खाट ते न्हाणीघर चार मीटरच्या आत. लादी चकचकीत नको. पहिल्या पावसाच्या आधी दमट हवा गार लादीवर येते आणि लादीला घाम फुटतो. म्हातारी माणसं घसरतात ती बहुधा तेव्हा.

कौलारू

स्लॅबवरच्या पांढऱ्या रंगाचं सांगतो. रंग खरंच काम करतो, पण एकच उन्हाळा. गोव्याच्या पावसात सप्टेंबरपर्यंत त्यावर काळं शेवाळ चढतं आणि ऊन परतवायचं काम संपतं. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये घासून धुणार असाल तरच करा. शिवाय समुद्रापासून ३ किमीवर खारी हवा आहे. तुमच्या भागाला काँक्रीटच्या मानकातला 'सिव्हिअर' वर्ग धरून एम-३० काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर (काँक्रीटचा थर) मागून घ्या. साइटवर सळईखाली पंचवीस मिमीचेच तुकडे ठेवले जातात आणि काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे खाली पडतात.

माझं मत: झोपायच्या खोल्या, दिवाणखाना, पडवी यांवर कौलं, आणि न्हाणीघर-कोठारावर लहान स्लॅब, टाकी तिथे. वळचणीसकट छपराचं आडवं क्षेत्र १६० चौ. मी. धरलं तर ३० अंशांच्या उताराला १८५ चौ. मी. होतं. मंगळुरी कौलं चौ. मीटरला १५ च्या आसपास, म्हणजे २८००, वर पाच टक्के. उतार २५ अंशांच्या खाली नेऊ नका, वाऱ्याबरोबर पाणी कौलाखाली उलटं चढतं. रिपांमधलं (कौलं टेकतात त्या पट्ट्यांमधलं) अंतर कौलं हातात आल्यावर दहा कौलं मांडून मोजा, कारखान्यागणिक फरक पडतो. आधी रिपा मारून मग कौलं आणली की शेवटची ओळ लटकते. (ही कौलं १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला काढायला सुरुवात केली. तेव्हा 'परंपरा' म्हणून फार भावूक होऊ नका, ती त्या काळची कारखान्याची वस्तू होती.)

कौलांखाली दुसरा थर म्हणून सपाट आतली कौलं घाला. दोन थरांमधली हवा तापते ती आढ्याच्या झरोक्यातून निघून जाऊ द्या, त्रिकोणी भिंतीत जाळी ठेवा. माकडांचा त्रास खरा आहे, नाकारत नाही. पन्नास-साठ कौलं घरात ठेवायची आणि दर मे महिन्यात माणूस वर चढवायचा. ते झेपत नसेल तर तिरकी स्लॅब करा, पण कौलं तिच्यावर मसाल्यात चिकटवू नका. मसाला पाणी धरून बसतो आणि गळती सुरू होते. स्लॅबवर रिपा, रिपांवर कौलं, मध्ये किमान ५० मिमी पोकळी.

स्वयंपाकघरात काचेचं कौल एकच घाला, आणि तेही उत्तरेच्या पाखात. चार घातली की दुपारी भाकरी चुलीशिवाय भाजेल.

बांयकाठ

पाण्यावर कोणी लिहिलं नाही. पेडण्यात पावसाळ्यात तीन मीटर पाणी पडतं, म्हणजे १६० चौ. मी.च्या छपरावरून सगळी गळती वजा जाता चार लाख लिटर. ते साठवायचं नाहीये, ती चूक लोक करतात. साठवायचं फक्त पिण्या-स्वयंपाकाचं: पाच माणसं, माणशी १० लिटर, कोरडे २४० दिवस, म्हणजे १२ हजार लिटर. त्या मापाची फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपलेली) टाकी, अंधारी, जाळी लावलेली. छपराचं एकच पाख, म्हणजे निम्मं छप्पर, तिला जोडा. पहिला दीड मिमी पाऊस सोडून द्यायला १२० लिटरची वेगळी नळी हवी. तिच्या तळाचा नळ विसरला की दुसऱ्या सरीपासून घाण सरळ टाकीत.

उरलेलं विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्ड्यात. त्याआधी गाळपेटी, मे महिन्यात साफ. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून १५-१८ मीटर तरी, आणि उताराच्या खालच्या बाजूला. जांभ्यात पाणी गाळून जात नाही, भोकांतून धावत जातं, म्हणून इथे अंतर कमी करून चालत नाही. मोरीचं पाणी केळींना आणि माडांच्या आळ्यांत.

सोलर ५ किलोवॅट कशाला? तीन एसी काढले तर ३ पुरतात. सूर्यघर योजनेतही अनुदान ३ किलोवॅटला ७८ हजारांवर थांबतं. कौलांवर बसवताना आकडे (हूक) रिपांना नाही, वाशांना लावायचे.

तेरेखोलकाठ

खूप उपयोगी. दोन प्रश्न राहिले. चवथीच्या पंचवीस माणसांसाठी हॉल मोठा करायचा आग्रह वडिलांचा आहे. आणि पावसात कपडे कुठे वाळवायचे? नकाशात जागाच नाही.

वळचण

पाच दिवसांसाठी वर्षभर झाडायची जागा वाढवू नका. दिवाणखाना १८ चौ. मी. ठेवा आणि तो पडवीला २.४ मी.च्या चार पाखांच्या घडीच्या दाराने जोडा. दार उघडलं की दोन्ही मिळून ३० च्या वर जागा होते. आरतीला माणसं पडवीत उभी राहतात तशीच राहतील. गणपतीची जागा आत्ताच ठरवा, कारण माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट) टांगायला वर चार कड्या लागतात. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजनं (मोठी लिंबासारखी फळं), केळीचे घड मिळून वजन चांगलंच होतं. कडी वाशाला आरपार बोल्ट घालून बसवा. आतल्या कौलांचं छत त्या चौकोनापुरतं वाशांच्या वर ठेवायला सांगा. ऐनवेळी छतात हूक मारले की आतली कौलं फुटतात.

त्याच चवथीबद्दल एक कटकट: घर रंगवायचं ते चवथीआधी, हा आपला रिवाज. पण ऑगस्टमध्ये भिंतीत सगळ्यात जास्त ओल असते, आणि नेमकी ती रंगाखाली कोंडली जाते. तेव्हा आतून झाडलोट आणि फार तर सफेदीचा एक हात. मुख्य काम दिवाळीनंतर किंवा एप्रिलात.

कपड्यांसाठी मोरीला लागून ४ चौ. मी.ची जागा: वर छप्पर, दोन बाजूंना झिलमिली, कमी वॅटचा पंखा. एका धुण्यातून दोन-तीन लिटर पाणी हवेत जातं. ते झोपायच्या खोलीत सोडलं की कपाटामागे बुरशी ठरलेली. कपाटं तशीही बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, ५० मिमी सोडा. जुन्या घरांत हे काम चुलीवरच्या माळ्याने केलं. धूर आणि ऊब यांत नारळ, कांदे, सोलं सगळं सुकं राहायचं. गॅस आला, माळा गेला, आणि त्याच्या बदल्यात कोणी काही दिलं नाही. सोलं आणि पापड उन्हात घालायला मात्र पूर्वेच्या अंगणात सकाळचं ऊन येतं तो कोपरा फरसबंद करून घ्या, आजींना तिथे पायरी उतरावी लागणार नाही.

चिरेखाण

त्या फरसबंदीचा उतार चरीकडे करा, दाराकडे नको. गवंड्याला विचारून सोडू नका, बादलीभर पाणी ओतून बघा.